‘ड्वार्फ फोर्ट्रेस’मधील एकत्र जमण्याच्या जागा : परवानगी, अर्ज आणि प्रवेश

प्रास्ताविक

मराठीत व्हिडिओ गेमविषयी जी चर्चा होते ती बहुधा मुलांचे व्यसन, बिघडणारे डोळे, बुडणारा अभ्यास आणि पालकांची चिंता यांभोवती फिरते. खेळ हा एक ‘संहिता’ म्हणून वाचावा, त्यात समाजाचे कोणते चित्र गृहीत धरलेले आहे हे तपासावे, अशी अपेक्षा क्वचितच केली जाते. नाटकाच्या किंवा चित्रपटाच्या बाबतीत जो विचार आपण सहज करतो तो येथे करायचा म्हटले की लेखन हलकेफुलके ठरेल अशी भीती असावी. परंतु काही खेळ असे आहेत की ज्यांच्यात माणसांनी एकत्र राहण्याची एक संपूर्ण कल्पना मांडलेली असते. ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ हा त्यांपैकी एक महत्त्वाचा खेळ होय. प्रस्तुत लेखात या खेळातील एकत्र जमण्याच्या जागांचा विचार केला असून, त्यासाठी पुणे शहरातील अशाच काही जागांचा इतिहास कसोटीदाखल शेजारी ठेवला आहे. पुण्याची निवड केवळ सोयीची नाही. जमण्याच्या जागेवर कोणाचा हक्क, हा प्रश्न या शहराने एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात वारंवार, आणि पुष्कळदा रस्त्यावर येऊन, सोडवण्याचा प्रयत्न केला आहे.

खेळाचे स्वरूप

टार्न अ‍ॅडम्स आणि झॅक अ‍ॅडम्स या अमेरिकन बंधूंनी ‘बे ट्वेल्व्ह गेम्स’ या नावाने हा खेळ घडवला. त्याची पहिली सार्वजनिक आवृत्ती २००६ साली आली. अनेक वर्षे तो विनामूल्य उपलब्ध होता आणि कर्ते चाहत्यांच्या देणग्यांवर गुजराण करीत. पडद्यावर चित्रे नसत. अक्षरे, विरामचिन्हे आणि इतर खुणा यांतूनच डोंगर, नदी, मांजर आणि माणूस ओळखावा लागे. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ साली ज्या १४ खेळांनी आपल्या संग्रहाची सुरुवात केली त्यांत हा एक होता. डिसेंबर २०२२ मध्ये ‘किटफॉक्स गेम्स’ या प्रकाशकाने चित्रे आणि संगीत यांसह त्याची विक्रीची आवृत्ती काढली.

ड्वार्फ म्हणजे युरोपीय लोककथांतील, डोंगराच्या पोटात राहणारे आणि खाणकामात तरबेज असलेले बुटके लोक. खेळाच्या आरंभी असे सात बुटके एक गाडी घेऊन एखाद्या ओसाड जागी येतात. खेळाडूने त्यांच्यासाठी डोंगर कोरून वस्ती उभारायची. पुढे ऋतूऋतूला नवे लोक येतात आणि वस्ती शे-दोनशेंपर्यंत वाढते. येथे एक गोष्ट आवर्जून लक्षात घ्यावी लागते. खेळाडूला सहसा कोणाही बुटक्याला ‘चल, इकडे ये’ असे सांगता येत नाही. तो फक्त कामे नेमतो, जागा आखतो आणि परवानग्या देतो. बुटके आपापल्या स्वभावानुसार, गरजेनुसार आणि कधी केवळ लहरीनुसार वागतात. म्हणजे खेळाडूची भूमिका राजापेक्षा नगररचना खात्याच्या अधिकाऱ्याला अधिक जवळची आहे. आखणी त्याची, वापर त्यांचा. जमण्याच्या जागांचा प्रश्न या खेळात जितका जिवंत होतो तितका इतरत्र सहसा होत नाही, याचे कारण हेच असावे.

गाडीभोवतीचे सात जण

खेळातील पहिली जमण्याची जागा कोणी आखलेली नसते. हाताला काम नसलेले बुटके आपण होऊन त्या आणलेल्या गाडीभोवती घोटाळू लागतात. हे दृश्य विलक्षण सूचक आहे. घर नाही, दार नाही, पण उभे राहायला एक ठिकाण आहे आणि तेथे दुसरे कोणीतरी आहे. पुढे खेळाडू एखादे क्षेत्र ‘सभास्थान’ म्हणून आखतो. विहिरीभोवती, पुतळ्यांच्या बागेत किंवा भोजनगृहात. मग रिकामा माणूस तिकडे वळतो. तेथे बोलणे होते, ओळखी होतात, मैत्री जमते, लग्ने ठरतात.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रे ओल्डेनबर्ग यांनी १९८९ साली घर आणि कामाचे ठिकाण यांखेरीज असलेल्या ‘तिसऱ्या जागे’ची कल्पना मांडली. जेथे गप्पा हेच मुख्य काम, जेथे दर्जा बाहेर ठेवून आत यावे, जेथे नेहमीचे लोक भेटतील याची खात्री, अशी ती जागा. खेळातील सभास्थान या वर्णनात नेमके बसते. परंतु मराठी वाचकाला ‘तिसरी जागा’ हा शब्द थोडा सपाट वाटल्यास नवल नाही. आपल्याकडे पार आहे, चावडी आहे, ओटा, पाणवठा, मंडई, तालीम आणि कट्टा आहे. आणि यांतील प्रत्येक शब्दाबरोबर तेथे कोणी बसायचे हेही सांगितले जाते. पार बहुधा पुरुषांचा, पाणवठा बायकांचा, चावडी अधिकाराची, तालीम आळीतल्या पोरांची. दर्जा बाहेर ठेवून आत येण्याची सोय यांपैकी फार थोड्या ठिकाणी होती. ओल्डेनबर्ग यांची कल्पना युरोप-अमेरिकेतील कॅफे आणि गुत्ते पाहून तयार झाली आहे, हे विसरून चालणार नाही.

२०१५ साली आलेल्या आवृत्तीत या जागांना निराळे रूप मिळाले. मद्यगृह, देवालय आणि ग्रंथालय अशी तीन स्थाने खेळात आली. मद्यगृह म्हणजे आपल्याकडचा गुत्ता नव्हे. तेथे पेय असते, पण त्याबरोबर गाणे, नाच आणि कथाकथन असते, आणि दूरदेशीचे प्रवासी मुक्कामाला येतात. गुत्ता, फड आणि धर्मशाळा एकत्र केल्यास जे होईल ते. तेथे सादर होणारी गीते, नृत्ये आणि वाद्येदेखील प्रत्येक जगासाठी संगणक नव्याने रचतो. देवालय एखाद्या विशिष्ट देवतेला वाहता येते किंवा कोणत्याच एका देवतेचे नाव न देता सर्वांसाठी ठेवता येते. ग्रंथालयात विद्वान बसतात, चर्चा करतात, पुस्तके लिहितात, आणि त्यांच्या प्रती तयार होतात. पुणे नगर वाचन मंदिराचा आरंभ १८४८ सालचा. ग्रंथालय हे वाचण्याइतकेच भेटण्याचेही ठिकाण असते, ही गोष्ट या शहराला नवी नाही.

याच आवृत्तीत बुटक्यांना ‘गरजा’ मिळाल्या. कोणाला देवापुढे बसल्याशिवाय चैन पडत नाही, कोणाला मित्रांत वेळ घालवावा लागतो, कोणाला काही नवे शिकावेसे वाटते. गरज भागली नाही तर त्याचे लक्ष कामावरून उडते. जमणे ही चैन राहत नाही, ती आहारासारखी आवश्यक बाब होते. ज्या काळात नव्या गृहसंकुलांत ‘क्लब हाऊस’ ही सदनिकेच्या किमतीत धरलेली सोय झाली आहे, त्या काळात एका खेळाने गप्पांना अन्नाच्या पंक्तीला बसवावे, हे दखल घेण्यासारखे आहे.

मैत्रीची किंमत

मात्र या खेळाचे खरे सामर्थ्य तो जमण्याचे केवळ गुणगान करीत नाही यात आहे. सुरुवातीच्या आवृत्त्यांत एक अनुभव खेळाडूंना वारंवार येत असे. भोजनगृह सभास्थान केले की बुटक्यांची आपसात दाट मैत्री होई. मग एखाद्या हल्ल्यात एक जण मेला की त्याचे दहा मित्र शोकाकुल होत. त्यांतील एक-दोघे संतापाने वस्तू फोडत, कोणावर हात टाकत. त्या मारामारीत आणखी एखादा मरे, आणि त्याच्या मित्रांची पाळी येई. दुःखाची ही साखळी कधीकधी संपूर्ण वस्तीला धुळीस मिळवी. यावर अनुभवी खेळाडूंनी शोधलेला एक उपाय विचार करायला लावणारा आहे : सभास्थान आखूच नये, लोकांना सतत कामात ठेवावे, म्हणजे मैत्री होणार नाही आणि शोकही होणार नाही.

या उपायात गिरणीच्या मुकादमाचे किंवा तुरुंगाच्या अधीक्षकाचे शहाणपण आहे. लोक एकत्र बसले की त्यांच्यात काहीतरी निर्माण होते आणि ते आपल्या ताब्यात राहत नाही, हे प्रत्येक प्रशासनाला ठाऊक असते. जमावबंदीचे हुकूम याच जाणिवेतून निघतात. त्या आवृत्त्यांत बुटके आपण होऊन मेजवान्याही घालत. कोणीतरी एखाद्या टेबलापाशी मेजवानी सुरू करी आणि हातातली कामे टाकून मंडळी तिकडे जात. खेळाडू वैतागत. मेजवानी मोडायची तर त्या खोलीची नेमणूकच रद्द करावी लागे. लोकांना पांगवता येत नाही, म्हणून जागा काढून घ्यायची, हा तोडगा कट्ट्यावर टोकदार दगड किंवा लोखंडी गज बसवणाऱ्या सोसायट्यांना परिचित आहे.

मद्यगृहाची एक गोष्ट तर प्रसिद्धच झाली. २०१५ च्या आवृत्तीनंतर वस्त्यांतील मांजरे अचानक मरू लागली. शोध घेता कळले की मद्यगृहात पेय जमिनीवर सांडत होते, मांजरे त्यातून चालत, मग पंजे चाटत, आणि अतिमद्यपानाने मरत. हा अर्थातच सदोष हिशेबाचा परिणाम होता व तो दुरुस्त करण्यात आला. परंतु एका जागेचे परिणाम तेथे न बोलावलेल्यांपर्यंत कसे पोहोचतात याचे इतके चोख उदाहरण नगररचनेच्या क्रमिक पुस्तकातही सापडणार नाही. उत्सवाच्या मांडवाशेजारी राहणाऱ्या आजारी माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही.

२०२० च्या आरंभी आलेल्या आवृत्तीने मद्यगृहाला आणखी एक धोका जोडला. खोट्या नावाने आलेला पाहुणा तेथे बसून वस्तीतील एखाद्याला फितवू लागला, मौल्यवान वस्तू पळवण्याचे कट शिजू लागले. जागा परक्यांसाठी खुली ठेवल्याने गायक आणि विद्वान येतात, आणि त्याच दाराने हेरही येतो. खेळाडूला दाराचा निर्णय करावा लागतो. त्यासाठी खेळात सरळ पर्याय दिलेले आहेत : सर्व पाहुण्यांना मुभा, रहिवासी आणि नागरिकांना मुभा, किंवा केवळ नागरिकांना.

दाराचा प्रश्न

येथून पुढे मात्र खेळाच्या सामाजिक कल्पनेची मर्यादा दिसू लागते. खेळात प्रवेशाचा नियम उघड असतो. तो एका ठिकाणी लिहिलेला असतो, एका व्यक्तीने ठरवलेला असतो आणि एका क्षणात बदलता येतो. नागरिकांमध्ये त्यापुढे भेद नाहीत. स्त्रिया सैन्यात जातात, खाणीत उतरतात, नगराध्यक्षही होतात. (खेळाच्या माहितीच्या धारिकांत प्रत्येक प्राण्याचे नर-मादी असे पोटविभाग ‘कास्ट’ या नावाने नोंदलेले असतात, हा शब्द कीटकशास्त्रातल्या अर्थाने आला असावा, पण पुण्यातला वाचक तेथे क्षणभर थबकेल.) या समतेचे कौतुक करायला हवे. पण ती एका अडचणीवर पांघरूणही घालते. प्रत्यक्ष समाजात दारावरचा नियम बहुधा लिहिलेला नसतो, आणि तो कोणी एकाने ठरवलेला नसल्यामुळे कोणी एक तो बदलूही शकत नाही.

पुण्याचे हौद हे याचे उत्तम उदाहरण आहे. अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून नळाने पाणी आणून ते शहरातील हौदांत खेळवले गेले. हौद म्हणजे केवळ पाण्याचा साठा नव्हता; ती भेटीगाठींची जागा होती. त्या जागेवर ‘केवळ नागरिकांना’ अशी पाटी नव्हती. तरीही अस्पृश्य मानलेल्या जातींना तेथे हात लावता येत नव्हता आणि ही गोष्ट लहान मुलालाही ठाऊक होती. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. खेळाच्या भाषेत सांगायचे तर एका पर्यायावरून दुसऱ्या पर्यायावर बोट टेकवण्याएवढे ते कृत्य. पण हे बोट खेळाडूचे नव्हते. वस्तीतल्याच एका माणसाने आपल्या अंगणापुरता निर्णय घेतला, आणि त्याचे मोल तेथील लोकांच्या रोषात चुकवायची तयारी ठेवली. ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’मध्ये कोणाही बुटक्याचे स्वतःचे असे अंगण नाही. त्याला शयनगृह मिळते. पण त्याचे दार इतरांसाठी उघडण्याचा अधिकार त्याच्याकडे नाही.

अर्ज आणि सत्याग्रह

या मर्यादेची कर्त्यांना थोडी जाणीव असावी. २०२० च्या आवृत्तीत बुटके अर्ज करू लागले. एखाद्या देवतेचे उपासक पुरेसे झाले की ते खेळाडूकडे देवालयाची मागणी करतात. एखाद्या व्यवसायाचे कारागीर वाढले की त्यांचा संघ सभागृह मागतो. मागणी मान्य करता येते, नाकारता येते. मान्य करून पाळली नाही तर संबंधितांच्या मनात सल राहतो. बांधकामाचे मोल किती असावे याचेही मापदंड आहेत. साध्या खोलीवर सभासद समाधानी होत नाहीत. खेळाच्या दृष्टीने ही फार मोठी झेप आहे. जागेची मागणी आता वरून न येता खालून येते, आणि ती एका गटाची असते.

अर्जाचे राजकारण पुण्याला चांगले परिचित आहे. पर्वतीच्या देवस्थानच्या कारभाराविषयी नागरिकांत जो असंतोष होता त्यातून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हे तिचे प्रमुख कार्यकर्ते. सभासद होण्यासाठी किमान ५० माणसांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. उपासकांची संख्या भरल्याशिवाय अर्ज पुढे न सरकवणाऱ्या खेळाशी याचे साम्य गंमतीचे आहे. पण सभा देवस्थानच्या कारभारापाशी थांबली नाही. पुढच्या काळात तिने शेतसारा, दुष्काळ, प्रतिनिधित्व अशा प्रश्नांवर सरकारला निवेदने पाठवली. जागेच्या कारभाराविषयीची तक्रार राज्यकारभाराच्या तक्रारीपर्यंत वाढत गेली. खेळातील अर्ज असा वाढत नाही. देवालय मिळाले की उपासक आत जातात आणि प्रकरण मिटते. त्याच देवालयात बसून त्यांनी मद्याच्या वाटपाविषयी किंवा खाणीतल्या मृत्यूंविषयी जाब विचारला, असे घडत नाही.

याच पर्वतीवर १९२९ च्या ऑक्टोबरात जे घडले ते अर्जाच्या पलीकडचे होते. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज आदींच्या पुढाकाराने अस्पृश्यांनी मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह केला. काकासाहेब गाडगीळ, एस. एम. जोशी यांच्यासारखे सवर्ण कार्यकर्तेही त्यात होते. सत्याग्रहींवर दगडफेक झाली. त्या वेळी दार उघडले नाही. तथापि पर्वतीच्या पायऱ्या हीच त्या दिवसांत एक नवी जमण्याची जागा झाली, आणि ती कोणी आखून दिलेली नव्हती. १८७० चा अर्ज करणाऱ्यांना मंदिरात जाता येत होते; त्यांचा वाद व्यवस्थेशी होता. १९२९ च्या माणसांना पायऱ्यांच्या पुढे जाता येत नव्हते. त्यांचा वाद उंबरठ्याशी होता. एकाच टेकडीवरील या दोन प्रसंगांतील अंतर ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ला मोजता येत नाही, कारण त्याच्या जगात उंबरठ्याबाहेरचा माणूस येऊन बसूच शकत नाही. मद्यगृह केवळ नागरिकांसाठी ठेवले तर पाहुणे दारात अडून राहत नाहीत. ते वस्तीकडे फिरकतच नाहीत.

यावर एक आक्षेप घेता येईल. खेळातील जमण्याला राजकीय परिणाम अजिबात नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. लोकसंख्या ५० च्या आसपास गेली की बुटके नगराध्यक्ष निवडतात, आणि निवड होते ती सामाजिक कौशल्ये वाढलेल्या व्यक्तीची. ही कौशल्ये गप्पांतून वाढतात. म्हणजे सभास्थानात रेंगाळणारा, सर्वांशी बोलणारा माणूस पुढारी होतो. पुण्यातील तालमी आणि गणेश मंडळे यांतून नगरसेवक कसे घडले हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे निरीक्षण अचूक वाटेल. परंतु निवडून आल्यावर हा नगराध्यक्ष करतो काय? तो स्वतःसाठी चांगली खोली आणि सामान मागतो, अमुक वस्तू बनवा आणि तमुक बाहेर विकू नका असे हुकूम काढतो, आणि नाराज लोकांची गाऱ्हाणी आपल्या कार्यालयात ऐकून घेतो. सभास्थानाचे कोणतेही म्हणणे त्याच्यामार्फत पुढे येत नाही. (यातही कोणाला वास्तवाचे दर्शन होत असेल तर तो भाग निराळा.) मुळात त्या गप्पांत काय बोलले गेले हे खेळाडूला कळत नाही; मैत्री वाढली, मन हलके झाले, एवढा परिणाम नोंदीत उमटतो. बोलण्याचा आशय नसलेली बैठक ही गरज भागवू शकते, पण तिच्यातून ठराव होत नाही.

पुण्यातच घडलेल्या एका खेळाचा येथे उल्लेख करणे योग्य होईल. ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या पुणेस्थित संस्थेचा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा खेळ २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यातील मंदिरे, वाडे आणि प्रांगणे देखणी आहेत. मात्र नायिका आपल्या हरवलेल्या भावाच्या शोधात जवळजवळ एकटीच त्यांतून फिरते आणि राक्षसांशी लढते. तो साहसाचा खेळ आहे, वस्ती उभारण्याचा नाही, त्यामुळे ही तक्रार नव्हे. पण भारतीय वास्तूचे बाह्यरूप जपताना तेथे कोण जमत असे आणि कोणाला जमू दिले जात नसे हा प्रश्न किती सहज बाजूला पडतो, हे त्यावरून दिसते. हौद, पार, पर्वतीच्या पायऱ्या किंवा मंडई यांच्याभोवती रचलेला, वस्ती उभारण्याचा एखादा खेळ या शहरातील तरुणांनी करायला घेतल्यास त्यांना ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’कडून पुष्कळ शिकता येईल : गरजांची मांडणी, शोकाची साखळी, अर्जाची पद्धत. दाराच्या बाबतीत मात्र त्यांना वेगळा हिशेब बसवावा लागेल. नियम कोणत्याही पाटीवर नसेल, तो शेजाऱ्यांच्या नजरेत असेल. आणि वस्तीतल्या एखाद्याला खेळाडूची परवानगी न घेता आपल्या घरचा हौद उघडता येईल. त्यानंतर शेजारचे लोक त्याच्याशी बोलायचे थांबतील की नाही, हे संगणकाला प्रत्येक खेळात नव्याने ठरवावे लागेल.